मीठ-पाण्याचा चौथा कोपरा

गुरुवार, सहा मार्च. सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी क्लॅरेन्स नाहुलुने मागच्या अंगणातल्या शेडचं दार उघडलं. आत थर्मामीटरवर शून्याखाली दोन अंश होते. हीटर बंद होता. एकेचाळीस कुंड्यांमधली, टी नावाच्या रुंद पानांच्या झुडपाची एकेचाळीस झाडं माना टाकून उभी होती. आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांची पानं हळदीच्या पानांसारखी ताठ आणि चकचकीत होती. आता ती काळपट हिरवी होऊन ओल्या फडक्यांसारखी लोंबत होती.

क्लॅरेन्सने सगळ्यात आधी दार लावून घेतलं, जणू थंडी अजून बाहेरच होती. मग तो चौथ्या कोपऱ्यात गेला. तिथे भिंतीवर प्लगची पेटी होती. ओल लागली की आपोआप वीज तोडणारा प्लग. तो त्यानेच बसवला होता, आणि असा प्लग माणसाचा जीव वाचवतो, असं बायकोला बराच वेळ समजावून सांगितलं होतं. पेटीच्या तोंडावरून खाली मिठाचा एक पांढरा ओघळ वाळून बसला होता.

त्याने प्लगचं बटण दाबलं. हीटर लगेच सुरू झाला. त्याचा आवाजही चांगला येत होता.

शनिवारी साडेअकराला हुला नाच शिकवणाऱ्या कुमू, म्हणजे गुरू, उलुवेहींच्या हालाऊचा, म्हणजे त्यांच्या हुलाच्या शाळेचा, दहाव्या वर्षाचा नाच होता. नाचणाऱ्या चौदा बायका. प्रत्येकीच्या गळ्यात, डोक्यावर, मनगटांवर आणि घोट्यांवर टीच्या पानांची पीळ घातलेली लेई, म्हणजे माळ. एकूण पानं तीनशेच्या आसपास. दर वर्षी ही पानं त्यांच्या मूळ बेटांवरच्या हिलोहून विमानाने खोक्यात यायची. या वर्षी खोकं येणार नव्हतं, कारण जानेवारीत क्लॅरेन्सने कुमूंना सांगितलं होतं, की ऑर्डर रद्द करा, पानं माझ्याकडून. आता घाई करून मागवलं असतं तरी खोकं सोमवारी पोचलं असतं. आणि पानांशिवाय कुमू कोणालाही नाचू देत नसत. त्या चौदा जणींमध्ये क्लॅरेन्सची बायको बर्निस होती. वय चौसष्ट. सहा वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर या वर्षी तिला पहिल्यांदा पुढच्या रांगेत जागा मिळाली होती.

मीठ-पाणी क्लॅरेन्सनेच शिंपडलं होतं. बुधवारी संध्याकाळी, पाऊस ओसरल्यावर. नवी वास्तू, नवी होडी, नवं दुकान काहीही असो, वाडग्यात मीठ-पाणी घ्यायचं, टीचं पान बुडवायचं आणि चारी कोपऱ्यांत शिंपडायचं, हे त्याने लहानपणी आजीला करताना पाहिलं होतं. शेड बांधून सात महिने झाले तरी हे राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पानं तोडायची, त्याच्या आत उरकून टाकू, म्हणून त्याने फुलाफुलांचा शर्ट घातला, वर रेनकोट चढवला आणि वाडगा घेऊन आत गेला. तीन कोपऱ्यांत त्याने चारचौघांसारखं शिंपडलं. चौथ्या कोपऱ्याशी आला तेव्हा वाडग्यात अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. मंतरलेलं पाणी गवतावर फेकून देणं त्याला बरं वाटेना. म्हणून त्याने ते चौथ्या कोपऱ्याला वाहिलं. सगळं.

हा माणूस बत्तीस वर्षं गोदीत पाइप जोडत होता. आधी बेटांवर पर्लला, मग इथे मुख्य भूमीच्या थंड किनाऱ्यावर ब्रेमर्टनला. पाणबुडीत एक थेंब जरी गळला तरी त्याची लेखी चौकशी व्हायची, आणि क्लॅरेन्सवर अशी चौकशी एकदाही झाली नव्हती. हे तो लोकांना सांगत असे, कोणी विचारलं नसलं तरी.

शेडच्या दाराला खिळ्यावर एक वही टांगलेली होती. तीत रोज सकाळचं तापमान लिहायची त्याची पद्धत होती. त्याने तारीख घातली, "उणे दोन" लिहिलं, "हीटर बंद" लिहिलं, त्यापुढे "कारण" लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

सहा वाजता बर्निस कॉफीचा कप घेऊन शेडच्या दारात आली. तिने आत पाहिलं. कप खाली ठेवला.

"वीज गेली होती," क्लॅरेन्स म्हणाला.

"कधी?"

"रात्री. किती वाजता ते काय माहीत."

बर्निस घरात गेली आणि परत आली. "मायक्रोवेव्हवर सहा वाजून सहा झालेत," ती म्हणाली.

"मग?"

"वीज गेली की तो बारा-बारा करत बसतो. गेल्या डिसेंबरात चार दिवस बसला होता. तुला लावता येत नव्हता."

क्लॅरेन्स म्हणाला, की शेडची वायर वेगळी आहे, खांबावरून वेगळी येते. हे खोटं होतं, आणि ती वायर त्यानेच घरातून ओढलेली असल्यामुळे ते किती खोटं आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. बर्निसने मान डोलावली आणि वीज कंपनीला फोन लावला. पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत राहिला. आमच्याकडे एकेचाळीस जीव गेलेत, ती सांगत होती, आणि पलीकडची मुलगी बहुधा रुग्णवाहिका पाठवू का म्हणून विचारत होती, कारण बर्निसला दोनदा सांगावं लागलं, की माणसं नाहीत, झाडं.

हे सगळं सुरू झालं तीन वर्षांपूर्वी, क्लॅरेन्स निवृत्त झाला तेव्हा. पहिल्या वर्षी त्याने हिलोहून मेव्हण्याकडून टीची चार खोडं मागवली आणि घराच्या चार कोपऱ्यांना जमिनीत लावली, घराचं रक्षण व्हावं म्हणून. तिकडे घरोघरी लावतात. नोव्हेंबरापर्यंत त्यांचं उकडलेल्या अळूसारखं झालं. घराचं रक्षण करण्याऐवजी त्यांनाच रक्षण हवं होतं. मेव्हणा फोनवर म्हणाला, की भाऊ, इथे हे झाड आम्ही तोडून रस्त्यावर फेकतो आणि ते तिथेच उगवतं, तू नेमकं काय केलंस ते तरी सांग.

दुसऱ्या वर्षी अठरा कुंड्या न्हाणीघरात गेल्या, कारण घरात उबदार आणि दमट अशी तेवढी एकच जागा होती. बर्निस वर्षभर झाडांच्या गर्दीत आंघोळ करत राहिली. ती त्यांना "तुझ्या बाकीच्या बायका" म्हणायची, आणि त्या तरी अंग पुसताना बघत नाहीत, असंही म्हणायची. खिडकीत क्लॅरेन्सने झाडांसाठी जांभळा दिवा लावला होता. तो पाहून, आत गांजा वाढतोय अशा समजुतीने, शेजारचा रॉन एक दिवस कुंपणाशी आला आणि कोणतं वाण लावलंयस म्हणून फार आदराने चौकशी करू लागला. क्लॅरेन्सने त्याला आत नेऊन टीचं पान दाखवलं. रॉनने ते हुंगलं, परत दिलं आणि पुढे महिनाभर तो विशेष बोलला नाही.

त्यातली अकरा झाडं जगली. त्यांची खोडं कापून, कलमं करून एकेचाळीस झाली. मग शेड आली, दुहेरी प्लास्टिकचं छप्पर आलं, हीटर आला. सप्टेंबरात हालाऊतल्या सगळ्यात वडील आंटी एम्मालियाच्या त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला, तिसऱ्या बियरनंतर, क्लॅरेन्सने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की या वर्षी हालाऊची पानं माझी. मासे धरायला निघालेला माणूस मासे धरायला चाललोय असं कधी सांगत नाही, जरा फिरून येतो म्हणतो, कारण मासे ऐकतात, हे त्याला चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. झाडांनाही कान असतील हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

कुमू उलुवेही सावध बाई होत्या. वय अठ्ठेचाळीस, क्लॅरेन्सपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान, पण त्यांच्यासमोर तो टोपी काढून बोलत असे. त्यांनी हिलोची ऑर्डर डिसेंबर संपेपर्यंत ठेवली. जानेवारीत येऊन शेड पाहिली, पानं मोजली, दोन पानं वाकवून बघितली, आणि मग रद्द केली.

साडेसातला बर्निस पुन्हा शेडमध्ये आली. तिने एका झाडाचं पान दोन बोटांत धरलं, शिरेवरून नख फिरवलं, पान बोटाला गुंडाळलं. ते तुटलं नाही.

"आज तोडून शिरा काढून आपण ही कुठे ठेवणार होतो?" तिने विचारलं.

क्लॅरेन्सला उत्तर माहीत होतं. फ्रीझरमध्ये. टीचं पान रात्रभर गोठवलं आणि सकाळी वितळू दिलं की चामड्यासारखं मऊ होतं, तेव्हाच त्याला पीळ घालता येतो. त्यासाठी त्याने मंगळवारी मोठा फ्रीझर रिकामा केला होता आणि त्यातला वर्षभराचा सॅमन मासा गल्लीत वाटून टाकला होता. रॉनलाही दिला होता, समेट म्हणून.

"म्हणजे झाडं मेली," बर्निस म्हणाली, "पण पानांचं काम झालंय. आजच्या आज हातात घेतली तर चालतील. उद्यापर्यंत काळी पडतील."

"कुमू घेणार नाहीत."

बर्निसलाही ते माहीत होतं. ती पान बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली. "मला पुढच्या रांगेत उभं राहायचंय, क्लॅरेन्स," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

कुमूंचा नियम साधा होता आणि तो त्यांच्या गुरूंकडून आला होता. नाचात जे पान अंगावर चढेल ते झाडाकडून मागून घेतलेलं असलं पाहिजे. झाडासमोर उभं राहून, मंत्र म्हणून, हवं तेवढंच. आपोआप पडलेलं, वाळलेलं, मेलेल्या झाडावरचं पान चालत नाही. एकदा हिलोच्या खोक्यात कोणीतरी बागेच्या कचऱ्यातली पानं भरून पाठवली होती. ते कळल्यावर कुमूंनी अख्खं खोकं मातीत पुरायला लावलं होतं आणि त्या वर्षी नाच झाला नव्हता.

नऊ वाजता कुमू आल्या, पानं तोडायला म्हणून. सोबत आंटी एम्मालिया होती, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेले स्पॅम मुसुबी, म्हणजे डबाबंद मांसाचा काप ठेवलेले भाताचे वळे. आंटीइतकी लेई वळणारी बाई या किनाऱ्यावर दुसरी नव्हती, आणि खायला न घेता ती कोणाच्या दारात जात नसे. क्लॅरेन्स टोपी हातात घेऊन शेडच्या बाहेर उभा होता. कुमू आत गेल्या. पाचेक मिनिटं त्या कुंड्यांच्या मधून फिरल्या. आंटी दारातल्या बादलीवर बसली.

कुमूंनी विचारलं, काय झालं. क्लॅरेन्स म्हणाला, वीज गेली. बर्निस म्हणाली, कंपनी नाही म्हणते, पण कंपनी नाहीच म्हणणार. कुमूंनी बर्निसकडे पाहिलं, मग प्लगकडे पाहिलं, मग क्लॅरेन्सकडे. त्या वीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, आणि खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांची त्यांना सवय होती.

"पानं मऊ झालीत," आंटी बादलीवरून म्हणाली. "फ्रीझरपेक्षा बरी झालीत. फ्रीझरात माशांचा वास लागतो."

"आंटी, प्रश्न तो नाही," कुमू म्हणाल्या.

"माहीत आहे ग प्रश्न कोणता तो. मी आपली पानांबद्दल बोलले."

कुमू बर्निससमोर थांबल्या. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण चेहरा बदलला नव्हता. म्हणाल्या, ही झाडं जिवंत होती तोवर कोणी मागितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आज आपण मागायला आलो तर इथे द्यायला कोणी नाही. मेलेल्याच्या अंगावरून काढून मी चौदा बायकांच्या गळ्यात घालणार नाही. शनिवारचं मी बघते, सगळ्यांना मी सांगते.

त्या दाराकडे निघाल्या. आंटीने काठी टेकली.

क्लॅरेन्सच्या डोक्यात जे चाललं होतं ते फार थोर नव्हतं. त्याने मागितलं होतं. बुधवारी संध्याकाळी, मीठ-पाण्याच्या आधी, त्याने झाडांसमोर उभं राहून मागितलं होतं. पण ते सांगायचं तर बुधवारी संध्याकाळी तो शेडमध्ये होता हे सांगावं लागणार, आणि का होता, हातात काय होतं, आणि ते पुढे कुठे गेलं, हेही ओळीने येणार. गप्प राहिला तर तो एक दुर्दैवी माणूस होता, ज्याची वीज गेली. बोलला तर तो गोदीतला तो पाइप फिटर होता, ज्याने विजेच्या पेटीला आंघोळ घातली. ही गोष्ट रविवारपर्यंत शेजारच्या टकोमा गावाला पोचली असती आणि सोमवारपर्यंत हिलोला, मेव्हण्याकडे. मेव्हण्याचा विचार येऊन तो क्षणभर अडला. मग त्याने बर्निसकडे पाहिलं. ती अजून तेच पान बोटाला गुंडाळत होती.

"मी मागितलं होतं, कुमू," तो म्हणाला.

कुमू थांबल्या. "कधी?"

"काल. संध्याकाळी सहाला."

"काय म्हणालात?"

झाडांसमोर काय काय म्हटलं ते त्याने सांगितलं. आजीचा मंत्र त्याला अर्धा येत होता. तो म्हटला. पुढचं आठवेना म्हणून पहिला अर्धा पुन्हा म्हटला. मग इंग्रजीत सांगितलं, की माफ करा, मला एवढंच येतं, पानं शनिवारच्या नाचासाठी हवीत, बर्निस पुढच्या रांगेत आहे.

"किती मागितलीत?"

"सगळी."

"सगळी?"

"मोजायचा कंटाळा आला, कुमू. तीनशे हवी होती. वर थोडी असू देत म्हणून."

आंटी पुन्हा बादलीवर बसली.

"आणि मग?" कुमूंनी विचारलं, आणि मग क्लॅरेन्सने उरलेलंही सांगितलं. वाडगा, तीन कोपरे, चौथा कोपरा. पाणी गवतावर फेकणं बरं वाटेना, हेही. सांगताना तो टोपीच्या आतल्या शिवणीकडे बघत होता.

आंटी एम्मालियाचे खांदे हलू लागले. मग तिने काठी मांडीवर आडवी घेतली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मधेच ती म्हणे, सगळी मागितली, आणि पुन्हा सुरू होई. "पोरा," ती शेवटी श्वास घेऊन म्हणाली, "त्यांनी दिली की तुला. रातोरात दिली. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी, शिरा काढून द्यायच्या?"

बर्निस हसली नाही. "मी त्या वीज कंपनीच्या पोरीला अर्धा तास झापलं," ती म्हणाली. "ती रडवेली झाली होती, क्लॅरेन्स. तिने मला तिच्या साहेबाचा नंबर दिला. मी साहेबालाही झापलं."

"फोन करून माफी मागू आपण."

"आपण नाही. तू. आणि कारण सांगायचं, सगळं. चौथ्या कोपऱ्यापर्यंत."

कुमूंनी प्लगच्या पेटीवरचा मिठाचा ओघळ बोटाने पुसला आणि बोट जिभेला लावलं. मग त्या म्हणाल्या, की अंकल, तुम्ही मागितलं हे खरं आहे आणि तुम्ही आता खोटं बोलत नाही हे मला दिसतंय, कारण असलं कोणी रचून सांगणार नाही. पण मागितलं तुम्ही आणि तोडलं थंडीने, आणि थंडी आत आणली तीही तुम्हीच. "याला मागून घेणं म्हणायचं की मारून घेणं, ते मला ठरवता येत नाही. माझ्या गुरूंनी मला हे शिकवलेलं नाही. त्यांच्यासमोर असा माणूस आला नसेल."

कुमूंच्या गुरू हिलोजवळच्या पुना भागात, थिजलेल्या लाव्हाच्या पल्याड राहत. वय ब्याण्णव. घरात फोन नाही. दर शनिवारी सकाळी त्या हिलोला लेकीकडे जात, तेव्हाच त्यांच्याशी बोलता येई. तिकडचे नऊ म्हणजे इकडचे अकरा. नाच साडेअकराला.

कुमूंनी ठरवलं ते असं. पानं आज कापायची, आज वळायची, कारण उद्यापर्यंत ती थांबणार नाहीत. लेई तयार ठेवायच्या. घालायच्या की पुरायच्या ते शनिवारी गुरू सांगतील. घाला म्हणाल्या तर नाच होईल. नाही म्हणाल्या तर जमलेल्या लोकांना जेवायला घालून घरी पाठवायचं.

"आणि त्यांना मी सगळं सांगणार आहे," कुमू म्हणाल्या. "इंग्रजीत माफी मागितली तेही."

दहा वाजेपर्यंत आणखी सहा बायका आल्या. प्रत्येकीला आंटीने दारातच गोष्ट सांगितली, आणि दर वेळी ती थोडी सुधारत गेली. वाडग्याची बादली झाली. चौथ्या बाईपर्यंत गोष्टीतल्या क्लॅरेन्सने प्लगला हारही घातला होता.

क्लॅरेन्सने पानं कापली. त्याने मोजली, या वेळी. तीनशे बासष्ट. अठ्ठावीस टाकून द्यावी लागली, उरलेली बसायच्या खोलीत जमिनीवर टॉवेलांवर पसरली. बायका शिरा काढत होत्या आणि आंटी वळायला बसली. टीची लेई वळायला एक टोक कशात तरी अडकवून ताणून धरावं लागतं. एरवी आंटी ते स्वतःच्या पायाच्या अंगठ्यात अडकवत असे. आता तिला तेवढं वाकता येत नव्हतं.

"क्लॅरेन्स," ती म्हणाली, "बूट काढ."

तो तिच्यासमोर खुर्चीवर बसला आणि पाय पुढे केला. दुपारी तीनपर्यंत त्याचा उजवा अंगठा हालाऊच्या कामी आला. हलू नकोस, असं त्याला एकूण नऊ वेळा सांगण्यात आलं. सदुसष्ट वर्षांत त्याच्या शरीराच्या कोणत्याही भागाची इतकी गरज कोणाला पडली नव्हती, असं बर्निस दुसऱ्या टोकाकडून म्हणाली. माफीचं बोलणं झाल्यापासून तिने त्याला उद्देशून म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं. तिच्या हातात तिची स्वतःची लेई होती, आणि ती पीळ इतका घट्ट घालत होती की आंटीने तिला दोनदा सैल कर म्हणून सांगितलं.

चार वाजता त्याने वीज कंपनीला फोन केला. तीच मुलगी होती. त्याने सगळं सांगितलं. तिने त्याला थांबायला सांगितलं, फोन स्पीकरवर टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाली.

संध्याकाळी तो शेडमध्ये गेला. पानं उतरवलेली खोडं कुंड्यांमध्ये उभी होती, खुंट्या मारल्यासारखी. खालून जिवंत आहेत की नाहीत ते मेपर्यंत कळणार नव्हतं. त्याने हीटर चालू ठेवला, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. वही खिळ्यावरून काढली आणि "कारण" या शब्दापुढे "मी" असं लिहिलं.

शुक्रवारी दिवसभर पाऊस होता. लेई ओल्या टॉवेलांत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. दूध आणि उरलेला भात बाहेर काढावा लागला. बर्निस बसायच्या खोलीत जमिनीवर टेप लावून पुढची रांग आखून घेऊन नाचत होती. क्लॅरेन्स दारात उभा राहून बघायला लागला की ती थांबायची. मग तो स्वयंपाकघरात जाऊन पायांचा आवाज ऐकत बसला.

शनिवार, आठ मार्च. सभागृह बंदराजवळ होतं. दहा वाजल्यापासून लोक यायला लागले, छत्र्या आणि भाताची पातेली घेऊन. दाराशी दोन जणांनी क्लॅरेन्सशी हात मिळवताना आपला हात आधी पुसून कोरडा केला. तो हसला. दुसऱ्या वेळी हसणं तितकं जमलं नाही.

पावणेअकराला चौदा बायका मागच्या खोलीत तयार होत्या. हिरव्या कापडाचे पाऊ, म्हणजे नाचाचे घेरदार घागरे, नेसलेल्या, केस बांधलेले, गळे मोकळे. मधल्या टेबलावर टॉवेल उघडून लेई मांडलेल्या होत्या. पानं अजून काळी पडली नव्हती. बर्निस भिंतीशी उभी होती.

अकरा वाजता कुमू फोन घेऊन बाहेर गेल्या आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसल्या. आत फार गोंगाट होता. क्लॅरेन्स सभागृहाच्या पत्र्याच्या छपराखाली उभा राहिला, तिथून गाडी दिसत होती. आंटी एम्मालिया त्याच्या शेजारी काठीवर रेलून उभी होती. त्याने तिला विचारलं, की म्हातारी काय म्हणेल असं वाटतं. आंटी म्हणाली, ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, तिला म्हातारी मी म्हणेन, तू नाही.

गाडीच्या काचांवर वाफ धरली होती. कुमूंचा हात वरखाली होताना दिसत होता. एकदा तो हात वर गेला आणि उलटा झाला, वाडगा ओतल्यासारखा. त्यानंतर त्यांचे खांदे हलले. त्या हसत होत्या की रडत होत्या की नुसत्या खोकत होत्या, ते काचेतून कळलं नाही.

अकरा वाजून बावीस मिनिटांनी बर्निस अनवाणी पायांनी छपराखाली आली आणि क्लॅरेन्सच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. गाडीचं दार अजून बंद होतं. फोन सुरू होता.